पायथनमध्ये सेट वापरूनही लिस्टमधली डुप्लिकेट गावं का राहतात, आणि सॉर्ट मराठी क्रमाने का होत नाही?

तुमची अडचण थोडक्यात अशी: वेगवेगळ्या लोकांनी भरलेल्या एक्सेल फायलींमधली गावांची नावं तुम्ही एका लिस्टमध्ये घेतलीत. सेट केला तरी 'गोऱ्हे बुद्रुक' दोनदा दिसतं, आणि सॉर्ट केल्यावर काळेवाडी कासारवाडीच्या आधी येते. पायथन बिघडलेलं नाही. आपल्याला अक्षरं दिसतात, त्याला फक्त आकडे दिसतात, आणि तुमचे दोन्ही प्रश्न त्यातूनच येतात.

आधी डुप्लिकेटचं बघू. जी दोन नावं सारखी दिसताहेत, त्यांच्या प्रत्येक कॅरेक्टरवर 'ऑर्ड' (कॅरेक्टरचा युनिकोडमधला आकडा देणारं) फंक्शन चालवा आणि येणारे आकडे प्रिंट करा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम आधी करावं, असं माझं मत आहे. बहुधा एका नावात 2353, 2381 असं दिसेल आणि दुसऱ्यात 2352, 2381, 8205. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं कॅरेक्टर. स्क्रीनवर दोन्हीकडे तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र उमटतो. कोणत्या कीबोर्डवरून टाइप केलं, यावर कुठला प्रकार येणार हे ठरतं. सेटच्या दृष्टीने या दोन वेगळ्या स्ट्रिंग आहेत, म्हणून तो दोन्ही ठेवतो.

इंटरनेटवर लगेच सल्ला मिळेल की 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधलं 'नॉर्मलाइझ' एनएफसी प्रकाराने, म्हणजे अक्षर आणि त्याचं चिन्ह शक्य तिथे एकाच आकड्यात जोडणाऱ्या प्रकाराने, चालवा. ते चालवाच, पण तेवढ्यावर भागणार नाही. र आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब (2352, 2364) अशी जोडी असेल तर एनएफसी तिचा 2353 करतं, पण जॉइनरवाल्या प्रकाराला हातही लावत नाही. तिथे रिप्लेस स्वतः लिहावा लागतो: 2352, 2381, 8205 हे तिन्ही लागोपाठ आले की त्या जागी 2353, 2381.

क्रम मात्र पाळा. आधी हा रिप्लेस, मगच उरलेले 8205 आणि 8204 (त्याचाच न दिसणारा भाऊ, 'झिरो विड्थ नॉन-जॉइनर') काढून टाकायचे. आधीच सगळे जॉइनर काढलेत तर अर्ध्या र चा रफार होतो, म्हणजे दऱ्याखोऱ्यांतल्या दऱ्यांचा थेट दर्या होईल!

ॲ चं दुखणं याच जातीचं. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 आवृत्तीत आलं. त्याचा आकडा 2418. पण कुणी अ वर चंद्र देऊन लिहितं (2309, 2373), कुणी ऍ वापरतं (2317), आणि एनएफसी यांना एक मानत नाही. गावांच्या लिस्टमध्ये हे क्वचित येईल, पण माणसांच्या नावांमागे 'ॲड.' लागलं की हमखास येतं. शिवाय 2418 हा आकडा ह च्याही पुढचा असल्याने साध्या सॉर्टमध्ये सगळे वकील शेवटी जाऊन बसतात.

स्पेसचं सोपं आहे. नुसतं स्प्लिट करून एका स्पेसने परत जॉइन केलं की पुढच्या-मागच्या आणि मधल्या डबल स्पेस जातात, एक्सेलमधून येणारी नॉन-ब्रेकिंग स्पेस (160) सुद्धा. झिरो विड्थ स्पेस (8203) मात्र पायथन स्पेस मानत नाही, ती वेगळी काढायची.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं मूळ स्ट्रिंगवर करू नका. साफसफाईचं एक फंक्शन लिहा, ते स्ट्रिंग घेईल आणि तुलनेपुरती 'की' परत देईल. मग एक डिक्शनरी करा: की म्हणून साफ केलेली स्ट्रिंग, व्हॅल्यू म्हणून फायलीत होतं तसंच मूळ नाव. 'सेटडिफॉल्ट' वापरलंत की पहिलं आलेलं नाव टिकतं. पुढे कुणी विचारलं की आमच्या फायलीत तर असं लिहिलं होतं, तर मूळ नाव हाताशी असतं. पायथन 3.7 पासून डिक्शनरी टाकलेला क्रम राखते. सेट राखत नाही, आणि स्ट्रिंगचा हॅश (सेट आतल्या आत जागा ठरवायला वापरतो तो आकडा) प्रोग्राम चालवाल त्या दर वेळी बदलत असल्याने आज दिसलेला सेटचा क्रम उद्या दिसेलच असं नाही.

सॉर्टसाठी दुसरी की लागते. ळ चा आकडा 2355, स चा 2360, म्हणून काळेवाडी आधी. आपल्या वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर. ह चा आकडा 2361 आणि काना 2366. मधल्या जागांवर मराठी गावांच्या नावांत न येणारी चिन्हं आहेत, तिथे ही तीन अक्षरं बसवता येतात. की तयार करताना ळ च्या जागी 2362, क्ष (2325, 2381, 2359) च्या जागी 2363 आणि ज्ञ (2332, 2381, 2334) च्या जागी 2365 घाला. 2365 म्हणजे अवग्रह, तो गावाच्या नावात कशाला येईल? ॲ चे तिन्ही प्रकार 2317 करा, म्हणजे ए च्या शेजारी येतील. अक्षरं मात्रांच्या आधीच राहतात, त्यामुळे कळंब काळेवाडीच्या आधीच येतं. हे फंक्शन 'सॉर्टेड'ला की म्हणून द्या. ही की वाचायला भयंकर दिसेल, पण ती कुणाला दाखवायचीच नाही.

साताऱ्याजवळचं क्षेत्र माहुली क मध्ये हवं की शेवटी, हे तुम्ही ठरवा. हिंदी कोशांत क्ष हा क मध्येच असतो. क मध्ये हवं असेल तर क्ष चा रिप्लेस गाळा, झालं. काम मोठं असेल तर आयसीयू या युनिकोड लायब्ररीचा मराठी कोलेटर (भाषेच्या क्रमाने सॉर्ट करणारं साधन) वापरा, पण शंभर-दोनशे गावांसाठी मी ती इन्स्टॉल करण्याच्या भानगडीत पडणार नाही.

'डिफलिब' या स्ट्रिंगमधलं साम्य मोजणाऱ्या मॉड्यूलने जवळची नावं शोधून आपोआप एकत्र करावीत, असंही तुम्ही विचारलंय. नको. गोऱ्हे बुद्रुक आणि गोऱ्हे खुर्द ही दोन वेगळी गावं आहेत, आणि अर्धी स्ट्रिंग सारखी असल्याने सैल कटऑफ (किती साम्य पुरे, ती मर्यादा) ठेवला तर ती सहज एक होतील. 'बु.' आणि 'खु.' यांची पूर्ण रूपं हाताने लिहिलेल्या छोट्या डिक्शनरीतून घाला. डिफलिबकडून फक्त संशयित जोड्या काढून घ्या आणि त्या तालुका माहीत असलेल्या माणसाला दाखवा.

एवढं करूनही एखादं नाव विचित्र लांब दिसलं, म्हणजे 'पुणेसातारा' वगैरे, तर कोडमध्ये हाताने लिहिलेली लिस्ट तपासा. दोन स्ट्रिंगमधला स्वल्पविराम राहिला तर पायथन एरर न देता त्या गुपचूप चिकटवतं.