जुलैतला उणे पाऊस

चतुर्थीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं, त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. बी.एस्सी. भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष, घर गोव्यात डिचोलीच्या बाजूला. संशोधनासाठीच्या संगणनात उन्हाळी इंटर्नशिप मिळावी म्हणून तिने चाळीस प्राध्यापकांना मेल पाठवले होते. दोघांचं उत्तर आलं, दोन्ही नकार. "मॅडम, मी कम्प्युटर इंजिनिअरिंगची नाही, मार्क अडुसष्ट टक्के. मला कोण घेणार?"

हाच प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं, आणि तो विचारताना मुलं खाली बघतात याचं मला वाईट वाटतं.

मी मेल वाचायला मागितला. चाळीस जणांना एकच मजकूर गेला होता: हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंगची, म्हणजे महासंगणकावर मोठी गणितं चालवण्याची, आवड आहे, मेहनतीची तयारी आहे. "यातल्या एकाचं नाव घे. ते नेमकं कशाचं गणित करतात?" तिला सांगता आलं नाही. अडचण मार्कांपेक्षा इथे जास्त होती. लाटांचं, मान्सूनचं, प्रथिनांच्या घडणीचं गणित महासंगणकावर चालवणारी पुष्कळ माणसं भौतिकशास्त्र, गणित किंवा जीवशास्त्रातूनच आलेली असतात. त्यांना मदतनीस हवा असतो तो प्रश्न समजणारा आणि चूक शोधत बसणारा.

मी तिला म्हटलं, महिनाभर एकही मेल नको. भारतीय हवामान विभागाची १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाची चौकटवार आकडेवारी, म्हणजे नकाशावर चौकटी पाडून प्रत्येक चौकटीतला पाऊस, फुकट उतरवून घेता येते. त्यातला गोव्याचा जुलै काढून दाखव. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तिला जेमतेम येत होती, फाइल उघडण्यातच आठवडा गेला. मग एका संध्याकाळी घाबऱ्या आवाजात फोन आला: "मॅडम, जुलैची सरासरी उणे तीनशेच्या घरात येते!"

तिच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी उत्तर सांगितलं नाही, हे त्यांचे उपकार. दोन दिवसांनी तिलाच सापडलं. तिने नकाशावर जो चौकोन आखला होता त्याचा पश्चिमेकडचा भाग अरबी समुद्रात होता. ही आकडेवारी फक्त जमिनीची, म्हणून समुद्रावरच्या चौकटींत 'माहिती नाही' या अर्थी -९९९ भरलेलं असतं. तिने तेही पाऊस म्हणून बेरजेत धरलं होतं.

नव्या अर्जात आम्ही हीच चूक लिहिली: काय आलं, शंका का आली, कशी सुटली. आवडीबद्दलची सगळी वाक्यं काढून टाकली. तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचा अर्ज आदल्या वर्षीच भरावा लागतो. त्यात काय करायचं आहे ते थोडक्यात लिहायचं असतं आणि शिक्षकांची शिफारस लागते, म्हणून सरांना वेळेत सांगितलं. मुंबई आयआयटीच्या फॉसी (FOSSEE) या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची उन्हाळी फेलोशिप मार्कांऐवजी आधी करून दाखवलेल्या कामावर निवड करते, तीही यादीत घेतली. शिवाय सहा मेल, प्रत्येक वेगळा. तिघांनी उत्तर दिलं.

अडचण घरची होती. २०१८ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यावर वडिलांनी खनिज वाहण्याचा ट्रक विकला होता. मे महिन्यात मुलीने दुकानात काम करावं, चार पैसे यावेत, असं त्यांना वाटत होतं आणि त्यात गैर काही नव्हतं. ते भेटायला आले तेव्हा मी विद्यावेतन, राहणं, प्रवास सगळं कागदावर मांडलं. फुकट राबवणाऱ्या किंवा उलट फी मागणाऱ्या इंटर्नशिपला मीच नको म्हणते, हेही सांगितलं. ते कागद बराच वेळ बघत राहिले. "बाई, दोन महिन्यांनी तिला काय येईल?"

मी म्हटलं, महासंगणकावर चालणाऱ्या लिनक्स प्रणालीवर काम करता येईल, मोठं गणित तुकड्यांत वाटून त्याच्या रांगेत लावता येईल, आणि आलेल्या आकड्यावर शंका घेता येईल. नोकरीची हमी मी दिली नाही.

अकादम्यांच्या यादीत तिचं नाव आलं नाही. सहातल्या एका मेलमधून मात्र विद्यावेतनासह दोन महिन्यांचं काम मिळालं, किनाऱ्यालगतच्या प्रवाहांच्या प्रारूपावर. मेच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिचं पहिलं गणित सकाळपासून महासंगणकाच्या रांगेत होतं, आणि तोवर ती आदल्या विद्यार्थ्याच्या फाइलीत -९९९ कुठे लपलाय ते शोधत होती.