कॅन उलटा करून मागची बाजू वाचा

प्रश्न: माझा मुलगा १७ वर्षांचा, बारावी कॉमर्सला आहे. शिवाजी पार्कवर एका क्लबकडून सलामीला खेळतो. नेटमधल्या त्याच्या फटक्यांच्या रील्सना बरे फॉलोअर्स मिळालेत. आता एका एजन्सीने एनर्जी ड्रिंकच्या चार रील्सचे ६० हजार देऊ केलेत. मी खासगी कंपनीत स्टोअरकीपर आहे. तेवढ्यात त्याचं वर्षाचं किट निघेल. पण त्याची आई म्हणते, जे आपण घरात आणत नाही ते यानं हातात धरून लोकांना प्या म्हणून कसं सांगायचं? एजंट म्हणतो, मोठमोठे खेळाडू करतात, आणि आता हेच करिअर आहे. शुक्रवारी सही आहे. करार आणि रीलची स्क्रिप्ट सोबत जोडली आहे. काय करावं? (एक वडील, भांडुप)

उत्तर:

नमस्कार.

पत्र वाचून मी ऑफिसखालच्या दुकानातून तुमच्या करारातलं ते ड्रिंक आणलं. २५० मिलीचा कॅन. पुढच्या बाजूला वीज कडाडतेय. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय की १०० मिलीमागे साखर ११ ग्रॅम. म्हणजे कॅनमध्ये साडेसत्तावीस ग्रॅम, आपल्या चहाच्या चमच्याने साधारण साडेपाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभरातली वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. हा कोटा एका कॅनमध्येच संपला.

त्याच्या खाली एक सूचना आहे. लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता, कॅफीन न सोसणारे यांनी घेऊ नये. दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको. कंपनीने ती हौसेने छापलेली नाही, अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमामुळे छापावी लागते.

मग मी चिरंजीवांच्या रील्सखालच्या कमेंट्स वाचल्या. 'दादा बॅट कुठली?' 'दादा ग्रिप कशी धरतोस?' 'दादा मी पण अंडर-१४ ला आहे.' कॅनवर जी 'लहान मुलं' लिहिलीत, ती हीच. उद्या दादाच्या हातात कॅन दिसला की त्यांचा पुढचा प्रश्न काय असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. एजन्सी ६० हजार देतेय ते या 'दादा' शब्दाचे. त्याच्या फलंदाजीचे पैसे देणारे वेगळे असतात, आणि ते अजून यायचेत.

मी साखरेची वैरीण नाही. पार्कातून परतताना उसाचा रस मीही पिते. कॅफीनचा बाऊही करत नाही. २००४ पासून ते उत्तेजकांच्या बंदी यादीत नाही, तेव्हा डोपिंगची भीती कुणी घातली असेल तर ती मनातून काढा. माझी हरकत स्क्रिप्टमधल्या एका वाक्याला आहे: 'नेटआधी एक कॅन, मग दिवसभर दम टिकतो.' पोरगा हे पीत नाही, मग दम कसला टिकतो? सेलिब्रिटींनी केलेल्या जाहिरातींबद्दल २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना हेच विचारतात: सांगणाऱ्याचं मत खरं हवं, आणि त्यामागे पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा. पैसे घेतले असतील तर तेही उघड सांगायचं. तुमच्या घरातल्या बाईंनी स्वयंपाकघरातून विचारलेला प्रश्न सरकारी राजपत्रातही आहे, हे त्यांना जरूर कळवा.

सही कुणाची, तेही बघा. १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे टिकत नाही. म्हणून कागदावर पालक म्हणून तुमचं नाव आहे. उद्या जाहिरात दिशाभूल करणारी ठरली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे, शिवाय जाहिराती करायला वर्षभराची बंदी. चार रील्सवरून कुणी तुमच्या दारात येईल असं मला वाटत नाही. पण एजंटने हे सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. आणि तुमच्या करारातलं कलम ७ पुन्हा वाचा: दोन वर्षं दुसऱ्या कुठल्याही पेयाची जाहिरात करायची नाही, आणि फोटो मात्र कंपनीने कायमचे वापरायचे. पोरगा उद्या रणजी खेळला तरी ते फोटो या ६० हजारांतच!

आता 'मोठे खेळाडू करतात' याबद्दल. करतात, खरं आहे. आयपीएलला २०१३ ते २०१५ नावच एका कोलाचं होतं. ज्या पार्कात तुमचा मुलगा खेळतो तिथलाच सचिन. त्याने कोलाची जाहिरात केली, पण वडिलांना शब्द दिला म्हणून तंबाखू आणि दारूला हात लावला नाही. १९९६ च्या विश्वचषकात तो बिनस्टिकरच्या, म्हणजे कुठल्याही कंपनीची जाहिरात नसलेल्या बॅटने खेळला. त्याने रेघ मारली होती, ती तुमच्या-माझ्यापेक्षा थोडी पलीकडे असेल एवढंच. विराट कोहलीने कोलाची जाहिरात बरीच वर्षं केली आणि २०१७ मध्ये थांबवली. जे स्वतः पीत नाही ते दुसऱ्याला प्या म्हणणार नाही, असं कारण दिलं. चांगलं केलं, पण तोवर घर भरलं होतं, असं माझ्यातली खडूस बाई म्हणतेच. मला जास्त भावतो तो पुल्लेला गोपीचंद. २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकून आला, कोलाची ऑफर आली आणि त्याने नाही म्हटलं. बॅडमिंटनमध्ये तेव्हा क्रिकेटसारखा पैसा नव्हता, त्यामुळे त्या नकाराची किंमत त्याने खिशातून मोजली.

राग धरायचाच तर मी कोट्यवधी कमावून वर पोरांना कोला पाजणाऱ्यांवर धरीन. तुमच्यावर नाही. चांगली इंग्लिश विलो बॅट २५-३० हजारांच्या खाली येत नाही आणि एका यॉर्करवर तिचा तळ फुटतो. तरीही माझं उत्तर 'सही करू नका' असंच आहे.

पैशाची वाट मात्र हवी. मीरत-जालंधरचे बॅट बनवणारे वयोगटात धावा करणाऱ्या मुलांना स्टिकर लावून बॅट देतात, कधी अर्ध्या किमतीत, कधी फुकट. रोख हातात येत नाही, पण खर्च वाचतो. त्याच्या कोचना विचारा, दादरच्या दुकानदारांनाही विचारा. पोरगा वापरतो ती वस्तू त्याने दाखवली तर त्याच्या आईचीही हरकत नसावी.

आणि रील्स हे करिअर नाही. ती त्याच्या धावांची सावली आहे. दोन हंगाम धावा आटल्या की एजंटचा फोन लागत नाही, हे मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांत पाहिलंय. त्याला कॅमेऱ्याची खरंच आवड असेल, तर बारावीनंतर स्पोर्ट्स मॅनेजमेंटची पदवी आहे. मुंबईत निलेश कुलकर्णीची संस्था तेच शिकवते. हो, तोच, ज्याने १९९७ मध्ये कोलंबोत कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर विकेट घेतली. तिथे शिकला तर असले करार तो स्वतः वाचेल आणि दुसऱ्याला वाचूनही दाखवेल. पण आत्ता फेब्रुवारीची बोर्डाची परीक्षा महत्त्वाची, अकाउंट्स मागे पडू देऊ नका.

एजंटला फोन तुम्ही करा, मुलाला करायला लावू नका. 'या वस्तूसाठी नाही, दुसरं काही असेल तर दाखवा' इतकंच म्हणा. कपडे, बूट, पॅड असं काही घेऊन परत आला तर कागद आधी माझ्याकडे पाठवा, आणि पेय, चिप्स, सट्ट्याचे ॲप नको हे करारात लिहून घ्या. असा अपवाद मागण्यात लाजायचं कारण नाही. हाशिम आमला दक्षिण आफ्रिकेकडून खेळताना संघाच्या बीअरवाल्या प्रायोजकाचा लोगो शर्टावर लावत नसे. बोर्डाने ते चालवून घेतलं, आणि त्याची जागा काही गेली नाही.