डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, काल्पनिक पात्रं रंगवत खेळायच्या खेळाची नवी आवृत्ती आली की जुने खेळाडू नाराज का होतात?

कारण बऱ्याचदा नियमांबरोबर खेळाचा गाभाच बदलतो. सगळ्यात ठळक उदाहरण २००८ च्या चौथ्या आवृत्तीचं. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत जादूगाराला त्या दिवसाचे मंत्र आधीच निवडून ठेवावे लागत. फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) एकदाच तयार केला असेल, तर वापरला की त्या दिवसापुरता संपला! म्हणून तो आत्ता टाकायचा की पुढच्या खोलीतल्या लढाईसाठी राखायचा, यावर टेबलाभोवती खल व्हायचा. चौथ्या आवृत्तीने योद्धा, चोर, जादूगार सगळ्यांना एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या: काही हव्या तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. लढाया नेटक्या झाल्या हे खरं, पण जादूगार असण्याची मजा गेली असं अनेकांना वाटलं आणि मला ते पूर्ण पटतं.

तिसऱ्या आवृत्तीचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली होते, म्हणजे ते इतरांनाही वापरता येत. त्यांच्याच पायावर पायझो कंपनीने २००९ मध्ये पाथफाइंडर हा वेगळा खेळ काढला आणि नाराज मंडळींपैकी बरेचजण तिकडे वळले. २०१४ ची पाचवी आवृत्ती मात्र खेळाडूंकडून जाहीर चाचण्या करून घेऊन बनवली गेली, त्यामुळे बरेच जुने लोक परतले.

तुमच्या गटाला जुनीच आवृत्ती आवडत असेल तर बिनधास्त तीच खेळा, हातातली पुस्तकं बाद होत नाहीत. २०२४ ची पुस्तकं पाचव्याच आवृत्तीची सुधारणा आहेत, तेव्हा २०१४ नंतरची साहसं (खेळण्यासाठी छापलेल्या तयार कथा) थोड्या फेरफाराने त्यांच्यासोबतही चालतात.