शेजारी देशांच्या व्यापारासाठी मिळणारं परदेशी ‘तांत्रिक साहाय्य’ म्हणजे नेमकं काय? आपल्या खानदेशाला त्याचं काय?

थोडक्यात सांगायचं तर, रस्ता बांधायला मिळतं ते बहुतेक कर्ज असतं. त्या रस्त्यावरून माल अडखळू नये म्हणून तज्ज्ञ, संगणकप्रणाली, प्रशिक्षण आणि नियमांचे मसुदे मिळतात, ते तांत्रिक साहाय्य.

आपल्याकडचंच बघा. साक्री-पिंपळनेरचा कांदा बांगलादेशाला जायचा तर पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल आणि पलीकडच्या बेनापोलसारख्या नाक्यावरून सीमा ओलांडावी लागते. ट्रक तिथे चार दिवस उभा राहिला की ताडपत्रीखाली कांद्याला मोड येतात, खालचा थर सडतो. तो खोळंबा पुष्कळदा रस्त्याचा नसतो, कागदांचा असतो. एकच माहिती दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा भरायची!

इथेच हे साहाय्य कामाला येतं. संयुक्त राष्ट्रांच्या ‘अंकटाड’ या व्यापार-विकास संस्थेने १९८१ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या विनंतीवरून ‘असायकुडा’ ही सीमाशुल्काची संगणकप्रणाली हाती घेतली. आज बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका ती वापरतात. भारताची प्रणाली स्वतःची आहे, त्यामुळे दोन्हींचा मेळ घालणं हे वेगळंच काम. दुसरं उदाहरण ‘सासेक’ या दक्षिण आशियाई आर्थिक सहकार्याच्या कार्यक्रमाचं. २००१ मध्ये भारत, बांगलादेश, भूतान, नेपाळ यांनी तो सुरू केला, सचिवालय आशियाई विकास बँकेकडे. कोलकात्याहून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरना इलेक्ट्रॉनिक सील (वाटेत कंटेनर उघडला तर कळवणारं) लावण्यामागे याच बँकेची मदत होती.

पण तज्ज्ञ राजकारण सोडवू शकत नाहीत. एकमेकांची वाहनं सीमेपार जाऊ देणारा याच चार देशांचा मोटार वाहन करार २०१५ मध्ये थिंफूत झाला, पण भूतानच्या संसदेत अडकला. आणि आपल्याच सरकारने कांद्यावर निर्यातबंदी घातली, तर सीमेवरची उत्तम प्रणालीसुद्धा साक्रीच्या शेतकऱ्याला उपयोगाची नाही.