वाचकांचे प्रश्न : डिस्क गप्प, कॉम्प्युटर थिजलेला

प्रश्न : रत्नागिरीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. कामाच्या कॉम्प्युटरमध्ये २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क मदरबोर्डवरच्याच रेड १ मध्ये लावल्या आहेत, म्हणजे एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही. विंडोज १० त्यांच्यावरच आहे. गेले दोन महिने दिवसातून पाच-सहा वेळा सगळं थिजतं. माउसचा बाण हलतो पण क्लिक लागत नाही. डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबून एकसारखा पेटून राहतो. मिनिटभराने मघाचे सगळे क्लिक एकदम लागतात आणि फटाफट खिडक्या उघडतात. ब्लू स्क्रीन कधीच येत नाही. रॅम बदलून झाली, फॉरमॅट मारून झालं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘१२९’ क्रमांकाची पिवळी नोंद दिसते : ‘रिसेट टू डिव्हाइस, रेडपोर्ट ०’. मग ‘डिस्क ०’ बदलू का?

उत्तर : अजून काहीच बदलू नका. आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘रेडपोर्ट ०’ म्हणजे डिस्क ० नव्हे. तो कंट्रोलरचा, म्हणजे बोर्डावरच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाचा, क्रमांक आहे, आणि तुमच्या दोन्ही डिस्क त्याच कंट्रोलरवर आहेत. हे न कळल्यामुळे बऱ्याच ठिकाणी चांगली डिस्क काढली जाते आणि आजारी डिस्क आत राहते.

विंडोज डिस्कला काही वाचायला किंवा लिहायला सांगतं ते स्टोरेज ड्रायव्हरमार्फत, म्हणजे दोघांमध्ये बोलणं करून देणाऱ्या प्रोग्रॅममार्फत. विनंती गेली की घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर डिस्कची लाइन रिसेट केली जाते, १२९ ची नोंद पडते आणि अडकलेल्या विनंत्या पुन्हा पाठवल्या जातात. ही मुदत साधारण ३० ते ६० सेकंदांची असते, म्हणून तुमचं थिजणंही तेवढंच टिकतं. दरम्यान मेमरीत जे आहे ते चालू राहतं. बाण हलतो तो त्यामुळे. ज्याला डिस्क लागते ते मात्र रांगेत उभं राहतं आणि रिसेट झाल्यावर सगळं एकदम सुटतं. पुढच्या वेळी टास्क मॅनेजर आधीच उघडा ठेवा. डिस्कचा ‘ॲक्टिव्ह टाइम’ १०० टक्के आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग शून्य दिसला, की दुखणं हेच. रॅमचा इथे संबंध नाही. फॉरमॅटनंतर बहुधा तोच ड्रायव्हर परत बसला, म्हणून त्याचाही उपयोग झाला नाही.

१२९ ची नोंद एवढंच सांगते की उत्तर वेळेत आलं नाही. कोणामुळे, ते सांगत नाही. गुन्हेगार ड्रायव्हर असू शकतो, वीज वाचवण्याची सेटिंग असू शकते, केबल असू शकते किंवा खुद्द डिस्क. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, ही मुदत वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मुदत वाढवली तर थिजणंही तेवढंच लांबतं.

सुरुवात बॅकअपपासून करा. सगळे फोटो एका बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. रेड १ हा बॅकअप नव्हे. चुकून खोडलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टीम’वर जाऊन ‘फिल्टर करंट लॉग’ घ्या आणि इव्हेंट आयडीच्या चौकटीत ७, ११, ५१, १२९, १५३ हे आकडे इंग्रजीत, स्वल्पविराम देऊन टाका. ७ म्हणजे खराब ब्लॉक, ११ म्हणजे कंट्रोलरची चूक, ५१ म्हणजे पेजिंग करताना (मेमरीतला मजकूर डिस्कवर ठेवताना-आणताना) आलेली चूक आणि १५३ म्हणजे विनंती पुन्हा पाठवावी लागली. आठवडाभराच्या नोंदींच्या वेळा वहीत उतरवा आणि समोर तेव्हा काय चाललं होतं ते लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मं निदान त्यातच होतं. नुसते १२९ असतील आणि तेही चहा पिऊन परत आल्यावर, म्हणजे मशीन काही वेळ रिकामं राहिल्यावर, तर वीजबचतीवर संशय घ्या. मोठे फोल्डर कॉपी करतानाच पडत असतील तर केबल किंवा डिस्क बघा. सोबत ७ दिसला तर ड्रायव्हरचा नाद सोडून थेट डिस्ककडे वळा.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. इंटेलच्या रेडमागे असलेल्या डिस्कही ते बहुतेक वेळा स्वतंत्र दाखवतं. चार ओळी वाचा. आयडी ०५ म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे बदलीच्या रांगेतले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले आणि सी७ म्हणजे डिस्क व बोर्ड यांच्यातल्या वाहतुकीतल्या चुका. इथे एक फसगत होते. ‘रॉ व्हॅल्यू’चे आकडे सोळाच्या पायावर दिसतात. शेवटी १ए असेल तर ते २६. फंक्शन मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड फीचर’मध्ये ते दशमान करून घ्या. सी५ किंवा सी६ शून्य नसेल, तर ती डिस्क काढायच्या यादीत. काढण्यापूर्वी तिचा सिरीयल नंबर स्क्रीनवरून लिहून घ्या आणि डिस्कच्या लेबलाशी ताडून बघा. नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी. एक सेक्टर कमी असेल तरी रेड ती घेणार नाही.

दोन्ही डिस्क ठणठणीत निघाल्या तर वीजबचत बंद करा. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ शून्य, म्हणजे ‘नेव्हर’, आणि ‘पीसीआय एक्स्प्रेस’खालचं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ ‘ऑफ’. इंटेलचा चिपसेट असेल तर त्यांच्या रॅपिड स्टोरेजच्या खिडकीत ‘परफॉर्मन्स’ टॅबवर ‘लिंक पॉवर मॅनेजमेंट’ असतं, ते ‘डिसेबल’ करून मशीन रीस्टार्ट करा. रिकाम्या वेळात डिस्क आणि बोर्ड यांच्यातली लाइन झोपवण्याची ही सोय लॅपटॉपच्या बॅटरीसाठी आहे. काही डिस्क या झोपेतून नीट जाग्या होत नाहीत. टेबलावरच्या कॉम्प्युटरला या बचतीची गरजच नाही. एवढं करून तीन दिवस थांबा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

तरीही १२९ पडतच राहिले तर ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजर, ‘स्टोरेज कंट्रोलर्स’, रेड कंट्रोलरवर डबल क्लिक, ‘ड्रायव्हर’ टॅब, आणि तिथली आवृत्ती लिहून घ्या. इंटेलच्या ड्रायव्हरची १५.१.०.१००२ ते १५.५.२.१०५३ ही मालिका विंडोज १० च्या २०१९ सालच्या १९०३ या आवृत्तीशी जुळत नव्हती, इतकी की मायक्रोसॉफ्टने अशा मशीनवर ते अपडेटच रोखून धरलं होतं. तुमचा आकडा या पट्ट्यात असेल तर पुढचा विचार न करता बदला. नवा ड्रायव्हर मदरबोर्डच्या नेमक्या मॉडेलच्या सपोर्ट पानावरून घ्या. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअर इथे धोक्याची, कारण प्रत्येक ड्रायव्हर मालिका ठरावीक पिढ्यांच्या चिपसेटसाठीच असते आणि सर्वांत नवीन तुमच्यासाठी योग्य असेलच असं नाही. आधी रिस्टोर पॉइंट करा आणि विंडोजचा बूट होणारा पेनड्राइव्ह जवळ ठेवा. दुखणं एखाद्या अपडेटनंतरच सुरू झालं असेल तर उलटं जा : त्याच टॅबवरचं ‘रोल बॅक ड्रायव्हर’. विंडोज अपडेट नवा ड्रायव्हर पुन्हा आणून बसवू शकतं, म्हणून आठवड्याने आवृत्ती परत तपासा. बोर्ड एएमडीचा असेल तर आरसी-बॉटम, आरसी-रेड आणि आरसी-सीएफजी हे तिन्ही ड्रायव्हर एकाच पॅकेजमधले असू द्या. एक नवा आणि दोन जुने अशी खिचडी नको.

शेवटची शक्यता डिस्कच्या जातीची. घरगुती डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही की हट्टाने प्रयत्न करत बसते, कधी कधी मिनिटाहून जास्त. रेडसाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते आणि तोच भाग जोडीदार डिस्कवरून वाचला जातो. पुढची खरेदी करताना नॅस (नेटवर्कवरच्या साठवणीसाठीची) किंवा एंटरप्राइज वर्गातली डिस्क घ्या, आणि ती सीएमआर, म्हणजे पट्ट्या सुट्या ठेवून लिहिणारी, असल्याची खात्री करा. एसएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी, डिस्क सलग लिहिताना मध्येच मंदावते आणि रेड पुन्हा बांधताना तर जीव काढते.

प्रश्न : मालवणात किनाऱ्यालगत आमचं लॉजिंग आहे. बिलिंगचा रेड १ चा कॉम्प्युटर उन्हाळ्यात बरा चालतो, पण जून लागला की हँग. सी७ चा आकडा मे महिन्यात ४० होता, आता ३०० च्या वर गेलाय. बाकी सगळे शून्य. डिस्क बदलू का?

उत्तर : डिस्क नको, केबल बदला. सी७ नुसता मोठा असणं वाईट नाही, कारण तो कधीच कमी होत नाही. वाढत राहणं वाईट. तो वाढतो म्हणजे डिस्कपर्यंतच्या वाटेत डेटा खराब होतोय आणि प्रत्येक वेळी परत पाठवावा लागतोय.

पावसाळ्यातच का, याचं कारण मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेला मिठाचा बारीक थर पिनांवर बसतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक काळ त्याच्या वरच असते. उन्हाळ्यात निरुपद्रवी असलेला थर मग पिना गंजवायला लागतो.

कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. दोन्ही डिस्कच्या साटा केबल नव्या घ्या, धातूची खिटी असलेल्या, जेमतेम लागेल तेवढ्या लांबीच्या. साटा केबलची कमाल लांबी १ मीटर. अर्धा मीटर पुरते. केबल करकचून दुमडू नका, झिप-टायने आवळू नका. डिस्क आणि बोर्डाच्या पिना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि दहा मिनिटं सुकू द्या. खोडरबर किंवा पॉलिश पेपर लावू नका. वरचा सोन्याचा मुलामा पातळ असतो, तो गेला की खालचा धातू आणखी वेगाने गंजतो. उगाच काढघाल करून बघण्याची सवयही वाईट. आतल्या साटा कनेक्टरचं आयुष्य ५० वेळा काढण्या-घालण्याचं धरलेलं असतं. डिस्कला वीज देणारा जोड जुन्या चार पिनी कनेक्टरवरून घेतलेला, तारांवर प्लास्टिक ओतून बनवलेला स्वस्तातला असेल, तर तो फेकून द्या. त्यात तारा एकमेकींना चिकटून जळण्याचा धोका असतो.

मशीन समुद्राकडच्या खिडकीपासून लांब आणि जमिनीपासून फूटभर वर ठेवा. हंगाम नसला तरी पावसाळ्यात रोज दोन-तीन तास चालू ठेवा. आतली ऊब हेच सर्वांत स्वस्त संरक्षण. केबल बदलल्याच्या दिवशी सी७ चा आकडा लिहून डिस्कवर चिकटवा. पंधरा दिवसांनी तोच दिसला, की काम झालं. वाढला, तर केबल बोर्डावरच्या दुसऱ्या रेड पोर्टवर लावून बघा.

प्रश्न : देवगडात आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये बिलिंग आहे. लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर सुरू होतो, पण दिवसभर रांगतो. इन्व्हर्टर असूनही. रेड बिघडलंय का?

उत्तर : बिघडलेलं नाही, ते हिशेब ताळा करतंय. लिहिता लिहिता वीज गेली की दोन डिस्कवर एकच मजकूर आहे याची खात्री उरत नाही, म्हणून सुरू झाल्यावर रेड पूर्ण डिस्क ताडून बघतं. २ टीबीला सेकंदाला १३० एमबीचा वेग धरला तरी सव्वाचार तास लागतात, आणि मध्येच बिलं फाडत राहिलात तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. रेडच्या खिडकीत टक्केवारी दिसते. वैतागून बटण दाबून बंद केलंत, तर दुसऱ्या दिवशीही तेच वाढून ठेवलेलं.

इन्व्हर्टर असून हे होतं, कारण कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो आणि इन्व्हर्टर साध्या मोडवर त्याहून उशिरा लागू शकतो. मागे ‘यूपीएस मोड’चा खटका असेल तर तो लावा. तरी भागत नसेल तर कॉम्प्युटरपुरता ६०० व्हीएचा वेगळा यूपीएस घ्या. तोवर रेडचा ‘राइट-बॅक कॅश’ (डिस्कवर लिहिण्याआधी मजकूर मेमरीत थोपवून ठेवण्याची सोय) बंद ठेवा. वेग थोडा कमी होईल, पण शेवटची दहा बिलं हवेत जाणार नाहीत.

प्रश्न : बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ‘रेड’चं ‘एएचसीआय’ केलं तर हँग जातं, असं अलिबागच्या एका मित्राने सांगितलं. करू का?

उत्तर : ‘एएचसीआय’ मोडमध्ये प्रत्येक डिस्क सुटी चालते. दोन डिस्कचं रेड खरंच बांधलेलं असेल तर मुळीच नाही. रेड ० असेल, म्हणजे डेटा तुकडे करून दोन डिस्कवर अर्धा-अर्धा वाटलेला असेल, तर सगळाच दिसेनासा होईल. त्यातून विंडोजने ‘इनिशियलाइझ’, म्हणजे डिस्क कोरी समजून नव्याने तयार करू का, असं विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

डिस्क एकच असून कंपनीने मोड तेवढा ‘रेड’ ठेवला असेल, तर करता येतं, आणि कधी कधी हँग खरंच जातं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर घ्या. बायोसमधला बदल झाला की बिटलॉकर ती की मागू शकतो. मग एमएसकॉन्फिगमधल्या ‘बूट’ टॅबवर ‘सेफ बूट – मिनिमल’ची खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड बदला आणि सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की नवा ड्रायव्हर आपोआप लागतो. ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोड न करता मोड बदललात तर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी पाटी येईल. घाबरू नका, बायोसमध्ये पुन्हा ‘रेड’ केलं की विंडोज पूर्वीसारखं उघडतं.