ताप उतरला, तरी अतिदक्षता विभाग कशासाठी?

प्रश्न : माझे मेहुणे रस्त्याच्या कामानिमित्त गडचिरोलीतील धानोरा तालुक्यात राहून नागपूरला परतले आणि त्यांना हुडहुडी भरून ताप आला. तिसऱ्या दिवशी ताप उतरल्याने आम्ही निश्चिंत झालो; पण त्याच रात्री ते बरळू लागले, डोळे पिवळे दिसू लागले आणि लघवी जवळजवळ थांबली. फाल्सिपॅरम या मलेरियाच्या घातक प्रकाराचे निदान होऊन त्यांना डायलिसिस करावे लागले. आता ते घरी आहेत. ताप नसताना प्रकृती इतकी कशी ढासळली? प्लेटलेट्स 40,000 असूनही त्या का चढवल्या नाहीत?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : मलेरियात थर्मामीटरचा आकडा आजाराचे गांभीर्य सांगत नाही. पॅरासिटामॉलने ताप काही तास उतरतो, परजीवी मात्र वाढतच असतात. फाल्सिपॅरमची लागण झालेल्या तांबड्या पेशी अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून रक्तप्रवाह अडवतात. मेंदूत असे झाले की बरळणे, झटके, बेशुद्धी ही लक्षणे दिसतात. अशा चिकटलेल्या पेशी बोटातून घेतलेल्या रक्तात येत नसल्यामुळे काचपट्टीवर परजीवी थोडेच दिसले म्हणून आजार सौम्य ठरत नाही.

बरळणाऱ्या रुग्णाची रक्तशर्करा सर्वांत आधी तपासतात. ती 40 मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल तर शिरेतून ग्लुकोज देताच रुग्ण काही मिनिटांत शुद्धीवर येऊ शकतो, आणि हे निदान हुकले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. परजीवी स्वतः साखर वापरतात, यकृताची साखर तयार करण्याची क्षमता घटते. पूर्वी सर्रास वापरले जाणारे क्विनाइन हे मलेरियाचे औषध तर इन्सुलिन वाढवून साखर आणखी खाली आणत असे. त्याऐवजी आर्टेसुनेट या औषधाच्या इंजेक्शनला आज पहिली पसंती असण्यामागे हे एक कारण आहे, पण मुख्य कारण मृत्युदराचे : 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशियातील मोठ्या चाचणीत क्विनाइन घेणाऱ्यांमध्ये तो 22 टक्के, तर आर्टेसुनेट घेणाऱ्यांमध्ये 15 टक्के होता.

डोळ्यांचा पिवळेपणा काही अंशी तांबड्या पेशी फुटल्यामुळे, तर काही अंशी यकृतावर परिणाम झाल्यामुळे येतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) 3 मिलिग्रॅमच्या वर गेल्यास मूत्रपिंडाची इजा गंभीर समजतात. वाचलेल्या बहुतेक रुग्णांची मूत्रपिंडे मात्र पुढे पूर्ववत काम करू लागतात. लघवी होत नाही म्हणून सलाईन वाढवा, असा आग्रह नातेवाईक धरतात. तो डॉक्टरांनी मानला तर फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडण्याचा धोका असतो, म्हणून या आजारात सलाईन मोजूनमापून द्यावे लागते.

प्लेटलेट्सची धास्ती आपल्याकडे डेंग्यूने घातली आहे. मलेरियात त्या कमी होणे नेहमीचेच असून औषध लागू पडताच त्या आपोआप वाढतात. रक्तस्राव नसेल तर 40,000 ला त्या चढवण्याचे कारण नसते.

मेहुण्यांबाबत आता एक तपासणी चुकवू नका. आर्टेसुनेटनंतर साधारण 1 ते 4 आठवड्यांत काही रुग्णांच्या तांबड्या पेशी पुन्हा फुटतात आणि परजीवी नसतानाही हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते. तेव्हा चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन पाहावे, आणि लघवी चहासारखी काळपट झाली किंवा दम लागू लागला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. विदर्भात सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय असल्याने ती चाचणी पूर्वी झाली नसेल तर याच वेळी करून घ्यावी.