गेममधला साधा दोष दाखवला तरी फॅन लोक कंपनीच्या बाजूने एवढे का तुटून पडतात?

तुमचा प्रश्न असा की आवडत्या गेममधला एखादा बग दाखवला तरी ग्रुपमधले लोक "आवडत नसेल तर खेळू नको" म्हणत अंगावर का येतात, कंपनी त्यांना पगार देते का. पगार वगैरे काही नसतो हो. वर्षानुवर्षं ट्रेलर बघत वाट पाहिलेली असते, प्री-ऑर्डरचे पैसे भरलेले असतात, चार मित्रांनाही घ्यायला लावलेलं असतं, मग कुणी म्हणालं की माल खराब निघाला तर तो घाव गेमवर न पडता थेट आपल्या निवडीवर पडतो. आणि तो चुकवायला माणूस कंपनीची वकिली सुरू करतो.

मला यात सगळ्यात जास्त छळणारं उदाहरण म्हणजे सायबरपंक २०७७ हा गेम. पोलंडच्या सीडी प्रॉजेक्ट रेडने २०१२ मध्ये जाहीर केला, तारखा पुढे ढकलत ढकलत १० डिसेंबर २०२० ला आला. विचर ३ या आधीच्या गाजलेल्या गेममुळे ही कंपनी म्हणजे आपली माणसं, बाकीच्या सगळ्या लुटारू, असं लोकांच्या मनात पक्कं बसलेलं. प्री-ऑर्डरच ८० लाख! रिलीजच्या आधी रिव्ह्यू करणाऱ्यांना फक्त पीसीची कॉपी दिली, वर स्वतःचं फुटेज दाखवायचं नाही, कंपनीने दिलेलंच लावायचं अशी अट. म्हणजे पीएस४ वर, सोनीच्या जुन्या कन्सोलवर, गेम कसा चालतो हे कुणाला दिसूच दिलं नाही. खरा प्रश्न इथे विचारायला हवा होता. पण राग निघाला कुणावर, तर १० पैकी ७ देणाऱ्या गेमस्पॉट या वेबसाइटच्या रिव्ह्यूअरवर.

त्याहून वाईट पुढे आहे. गेम इन्फॉर्मर या मासिकाच्या एका लेखिकेने रिलीजच्या आधी लिहिलं की एका सीनमध्ये लाल-पांढरे दिवे इतक्या जोरात लुकलुकतात की खेळताना तिला फिट आली, अपस्मार असलेल्यांनी जपून खेळा. तर काही लोकांनी तिला पुन्हा फिट यावी म्हणून मुद्दाम तसले लुकलुकणारे व्हिडिओ पाठवले. कंपनीने तिची तक्रार मानली, काही दिवसांतच पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, काढून तो इफेक्ट बदलला. म्हणजे ज्या कंपनीच्या नावाने हे लोक लढत होते तिलाही त्या बाईंचं म्हणणं पटलं होतं.

गेम आल्यावर पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर क्रॅश, चेहरे लोड होत नाहीत, अक्षरशः खेळवत नाही अशी अवस्था. तरी उत्तर काय, "जुन्या कन्सोलवर खेळतोस आणि रडतोस, अपग्रेड कर". अरे, गेम पीएस४ साठी म्हणूनच विकलाय ना! आणि आपल्याकडे पीएस५ अधिकृतपणे आला २ फेब्रुवारी २०२१ ला, मग डिसेंबरमध्ये इथल्या पोराने अपग्रेड करायचं कशावर?

दुसरं ठरलेलं वाक्य, "डेव्हलपर किती राबलेत, त्यांचा अपमान करू नका". राबले होते हे खरंच आहे, पण सक्तीचा क्रंच, म्हणजे रिलीजच्या आधीचं जादा तासांचं काम, करणार नाही असं सांगून सप्टेंबर २०२० मध्ये आठवड्याचे सहा दिवस काम करायचा हुकूम वरच्यांनीच काढला होता. गेम अर्धवट असताना बाजारात आणायचा निर्णयही वरचाच. आपण तक्रार केली तर ती त्या निर्णयावर असते, रात्री जागून काम करणाऱ्या माणसाच्या नावाने निर्णय घेणाऱ्याला झाकायचं हे मला अजिबात पटत नाही. ऑक्टोबरमध्ये तारीख पुढे गेली तेव्हा त्याच डेव्हलपरांना जिवे मारायच्या धमक्या आल्या त्याही याच फॅन लोकांमधून.

गेम आवडणं, त्याचं कौतुक करणं, फक्त आनंदाच्या पोस्टसाठी वेगळा ग्रुप काढणं, यात काहीच वावगं नाही, मलाही गेममधलं नाइट सिटी हे शहर फार आवडतं. माझा आक्षेप "धीर धरा, पॅच येईल" हे दुसऱ्याच्या पैशाच्या जिवावर म्हणण्याला आहे. कारण १४ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली आणि रिफंड हवा असेल आणि दुकानातून मिळत नसेल तर २१ डिसेंबरपर्यंत मेल करा म्हणून सांगितलं, म्हणजे हातात जेमतेम आठवडा. सोनीने तर गेम स्टोअरवरून काढूनच टाकला, सहा महिने परत आला नाही. त्या आठवड्यात ग्रुपवर ज्याला गप्प बसवलं त्याचं काय? गुंतवणूकदार मात्र धीर वगैरे धरत बसले नाहीत, सरळ कोर्टात गेले आणि १८.५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

आता हेच लोक सांगतात बघा, आम्ही म्हणालो होतो ना गेम सुधारेल. सुधारला, मान्य, २.० पॅच सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि गेम खरोखर मस्त झाला. पण तो पॅच पीसी, पीएस५ आणि नव्या एक्सबॉक्ससाठी होता. ज्या पीएस४ वाल्यांना धीर धरायला सांगितलं होतं त्यांच्यापर्यंत तो कधी आलाच नाही.